दोन टक्के

जॅकवर उचललेल्या गाडीपुढं पोतं अंथरून मी सुटं केलेलं सामान मांडलं आणि मोजलं. चाक फ्रेमला धरणारे आर्म: खालचे दोन, वरचे दोन. बॉल जॉइंट चार. नकल दोन, चाक ज्यावर बसतं आणि ज्याच्यासकट वळतं, तो ओतीव भाग. टायरॉड दोन, स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या सळ्या. स्प्रिंगा दोन, शॉकअप दोन. स्टिअरिंगचा रॅक एक, त्याचं डावीकडचं रबर फाटलेलं. बोल्ट बावीस. नट एकवीस.

"एक नट कमी आहे," मी म्हणाले.

बाबालालचाचांनी शर्टाचा खिसा चाचपला, विडीच्या बंडलाबरोबर नट बाहेर काढला आणि पोत्यावर ठेवला. "धर बाई. न्हाईतर म्हणायचे, बाबालालच्या खिशातल्या नटानं गाडी बिघडली."

"हसा तुम्ही," मागून धैर्यशील चौगुले म्हणाले. "काल गाडीत मी होतो."

शेड चौगुल्यांची. कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत ते फायबरच्या पाण्याच्या टाक्या आणि बागेतल्या घसरगुंड्या बनवायचे. त्या वर्षी त्यांनी दोन माणसांची एक बुटकी गाडी करायला घेतली होती. ती विकायची होती ती सुट्या भागांत: नळ्यांची फ्रेम आणि फायबरची बॉडी आपण द्यायची, इंजिन, नकल आणि स्टिअरिंग गिऱ्हाइकानं जुन्या मोटारीतून काढायचं आणि घरी रविवारी बसून जोडायचं. दहा जणांनी हो म्हटलं होतं. ही पहिली गाडी नमुन्याची. दसऱ्याला त्या दहा जणांसमोर ती रस्त्यावर काढायची होती. तिची लाल बॉडी अजून भिंतीला टेकून उभी होती.

फ्रेमचं वेल्डिंग बाबालाल मुजावरांचं. त्याआधी लागतो तो जिग माझ्या वडिलांनी, रंगराव सुतारांनी केला होता. जिग म्हणजे लाकडी साचा. त्याच्या खाचांत नळ्या ठेवायच्या, म्हणजे वेल्डिंग गार होईपर्यंत त्या जागच्या हलत नाहीत. अण्णा एकतीस वर्षं एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. ओतकामाच्या साच्यासाठी जो लाकडी नमुना लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात. आदल्या वर्षी फाउंड्रीत नमुने कोरणारं मशीन आलं आणि अण्णांना शाल-श्रीफळ मिळालं. मी जूनमध्ये फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले होते आणि चौगुल्यांकडं तात्पुरती लागले होते. काम असं ठरलेलं नव्हतं. मोजायचं असलं की मला हाक यायची.

"काल नेमकं काय झालं?" मी विचारलं.

"सरळ रस्त्यावर गाडी सरळ. शिये रस्त्याला पहिला गतिरोधक आला, पुढची चाकं वर उचलली गेली, आणि मी स्टिअरिंग गच्च धरलेलं असताना गाडीनं उजवीकडं मान टाकली. समोरनं दुधाचा टेम्पो." चौगुल्यांनी हातानं टेम्पो किती जवळ होता ते दाखवलं. "तिथनं गाडी ढकलत आणली."

"गाडी कोल्हापूरची हाय," चाचा म्हणाले. "कुणाचं ऐकंल?"

"पोरं शेजारी बसवून चालवणाऱ्या लोकांना मी ही विकणार आहे, बाबालाल."

चाचांनी मान खाली घातली.

चाक वर उचललं गेलं की आर्म आणि टायरॉड दोन्ही वर फिरतात, आपापल्या खुंटीभोवती. त्या खुंट्या एकमेकींच्या हिशेबात असल्या तर चाक सरळच वर जातं. नसल्या तर टायरॉड चाकाला ओढतो किंवा ढकलतो आणि स्टिअरिंगला कुणी हात न लावता चाक वळतं. झोपाळ्याची एक कडी तोकडी असली की झोका घेताना पाट तिरका होतो, तसं. म्हणजे फ्रेमवरच्या खुंट्या जिथं असायला हव्यात तिथं नव्हत्या. इथपर्यंत आम्हा सगळ्यांना कळत होतं.

चौगुले उकिडवे बसले आणि फ्रेमच्या पुढच्या जोडावरून त्यांनी अंगठा फिरवला. "फ्रेम ओढलीय. पुण्याला माझा मित्र आहे, त्याला फोन केला. तो ऐकताक्षणी म्हणाला, वेल्डिंगची ओढ. लोखंड गार होताना ओढतं आणि जागा सोडतं." मग त्यांनी बाकाकडं पाहिलं. "मेस्त्री, तुमचं काय म्हणणं?"

अण्णा बाकाशी पाठमोरे उभे होते. रंध्याचं पातं पुसत होते. सकाळपासून तेच पातं.

"ओढ बसते वेल्डिंगची," ते म्हणाले. "कधी कधी."

बाबालालचाचांनी अण्णांच्या पाठीकडं पाहिलं. दोघं एकाच फाउंड्रीत होते. एकोणीस वर्षं एका बाकावर डबे उघडलेले. अण्णांनीच त्यांना या शेडमध्ये आणलं होतं.

"बसते," चाचा म्हणाले. "बसते की. माणसाच्याच हातनं होतंय."

"मग मला दहा फ्रेम तुमच्याकडनं करून घेता येणार नाहीत, बाबालाल," चौगुले म्हणाले. हे बोलताना ते नळीकडं बघत होते. "दसऱ्यापासनं दुसरा वेल्डर येईल. राग मानू नका."

"राग कसला. माझा वेल्डिंगचा होल्डर आजच नेऊ का?"

"रविवारी खंडेनवमी. पूजा होऊ दे. मग न्या."

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. या दोघांची त्यात एक जुनी रीत होती. अण्णांच्या पट्टीला हार चाचा घालायचे आणि चाचांच्या वेल्डिंगच्या होल्डरला हार अण्णा घालायचे. आरती अण्णांची, पेढे चाचांचे. फाउंड्रीत हे कुणी सुरू केलं ते मला माहीत नाही. मी लहानपणापासून पेढे खात होते.

मी चौगुल्यांना म्हटलं, "मला फ्रेम मोजू द्या."

"ओढलेली फ्रेम मोजून काय करणार?"

"किती ओढलीय ते कळेल."

"मोज. शिकलीयस त्यासाठीच."

मला खरंतर दुसरंच खटकत होतं. गाडी सोडताना पाहिलं होतं: दोन्ही टायरॉड तोकडे पडत होते. जेमतेम पाच-सहा आट्यांवर धरलेले. स्टिअरिंगची दांडीही खाली रॅकच्या दात्यांवर पुरती बसलेली नव्हती. डावीकडंही कमी, उजवीकडंही कमी, मागंपुढंही कमी. ओढ बसली तर एका बाजूला बसावी. सगळीकडून सारखं कमी पडायला काय होतं?

शनिवारी सकाळी चाचा आले. काम नव्हतं त्यांना, तरी आले.

"टेपचं दुसरं टोक कोण धरणार तुझं?" ते म्हणाले. "शून्य मी धरतो. तेवढं तरी सरळ धरता येतंय मला."

माझ्याकडं पाच मीटरची पोलादी टेप होती, निकालानंतर कॉलेजच्या सरांनी दिलेली. चाचा शून्य धरून बसले आणि मी वाचत गेले. ते प्रत्येक आकड्याला "बरं" म्हणत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "सुजाता, खरं सांग. माझा हात गेलाय का? गेल्या साली मोतीबिंदू काढला, तेव्हापासनं घरातली म्हणतायत, बसा आता."

"अजून कळलं नाही, चाचा."

"कळलं की मला आधी सांग. मग त्यांना."

खालच्या आर्मच्या दोन बाजूंच्या खुंट्यांमधलं अंतर ड्रॉइंगमध्ये पाचशे वीस मिलीमीटर होतं. फ्रेमवर पाचशे तीस भरलं. वरच्या आर्मचं पाचशे नव्वदच्या जागी सहाशे दोन. पुढच्या खुंटीपासून मागच्या खुंटीपर्यंत दोनशे साठच्या जागी दोनशे पासष्ट. रॅकच्या आधाराची उंची दीडशेच्या जागी एकशे त्रेपन्न. मी भागाकार केले. चारही वेळा उत्तर एकच आलं.

मला आनंद झाला. इतका की मी चाचांना आधी सांगायचं विसरले आणि चौगुल्यांना हाक मारली. ते टाकीच्या साच्याला मेण लावत होते, तसेच हात पुसत आले. अण्णाही बाकापासून वळले.

"ही वेल्डिंगची ओढ नाही," मी म्हणाले. "ओढ बसली की माप कमी होतं. इथं प्रत्येक माप वाढलंय. आणि वाढलंयही कसं? आडवं, उभं, मागंपुढं, सगळीकडं सारखं. आर्म, नकल, रॅक हे बाहेरून आलेलं सामान खऱ्या मापाचं आहे. फ्रेम तेवढी मोठी झालीय. म्हणून टायरॉड तोकडे पडले, म्हणून दांडी बसेना."

"मग मी काय लोखंड फुगवलं व्हय?" चाचा म्हणाले, पण त्यांचा चेहरा उजळला होता.

"किती मोठी?" चौगुल्यांनी विचारलं.

"दोन टक्के. नेमकी दोन टक्के. म्हणजे पोलादाचा आक..."

वाक्य तोंडातून निघून गेलं होतं. उरलेलं शब्दांशिवायही ऐकू आलं असतं, निदान त्या शेडमधल्या दोघांना.

ओतलेलं पोलाद गार होताना साधारण दोन टक्के आकसतं. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते: तिच्यावरची प्रत्येक खूण दोन टक्के ताणलेली. तिच्यावरचे शंभर मिलीमीटर म्हणजे खरे एकशे दोन. अण्णांची तशी एक मीटरची पट्टी होती, तेलानं काळी पडलेली, कोपऱ्यात बारीक दोनाचा आकडा ठोकलेला. एरवी ती कुठल्याही पट्टीसारखी दिसते. पाचवीत मी तिनं भूमितीचा गृहपाठ केला होता आणि माझ्या सगळ्या रेघा बाईंनी चुकीच्या ठरवल्या होत्या. तेव्हा अण्णा खूप हसले होते. "अगं, ही खोटं बोलते म्हणून माल खरा निघतो," ते म्हणाले होते.

"काय म्हणतीयस?" चौगुले म्हणाले. "पोलादाचं काय?"

मी अण्णांकडं पाहिलं. उत्तर चाचांनी दिलं. हळू आवाजात, स्वतःशी बोलल्यासारखं. "आकसाची पट्टी."

"जिग साध्या पट्टीनं केला होता," अण्णा म्हणाले.

चौगुल्यांना पट्टीचा अर्थ चाचांनीच दोन वाक्यांत सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. ते तापट नव्हते. "यात भांडायचं काय आहे?" ते म्हणाले. "जिग आणा. मोजू. जिग बरोबर निघाला तर फ्रेम बाबालालनी बिघडवली. जिगच मोठा असेल तर बाबालाल सुटले. कुठाय जिग?"

"मोडला," अण्णा म्हणाले.

"का?"

"पावसानं फुगला होता. दहा फ्रेमना नवा करायचाच होता."

"बुधवारी त्यावर टेकून मी चहा प्यालो," चाचा म्हणाले. "फुगलेला न्हवता, रंगराव."

अण्णांनी बाकावरचं रंध्याचं पातं उचलून परत पुसायला घेतलं.

शुक्रवारी सकाळी मी अंघोळीला गेले तेव्हा पाणी नेहमीपेक्षा कडक होतं. आमच्याकडं बंब आई पेटवायची. त्या दिवशी अण्णांनी उजाडायच्या आत पेटवला होता. न्हाणीत लाखेचा वास भरला होता. मला तो वास आवडतो, म्हणून मी जरा जास्त वेळ अंघोळ केली होती. अण्णा आपल्या लाकूडकामाला, मग तो पॅटर्न असो की पाट, लाखेचा हात दिल्याशिवाय सोडत नसत. जिगलाही दिला होता, लाल आणि काळा.

"सुजाता," चौगुले म्हणाले, "घरी एखादा तुकडा असेल?"

"काय राहिलं नसंल," अण्णा म्हणाले. ते माझ्याकडं बघत होते. त्या बघण्यात दम नव्हता, विनंतीही नव्हती. माझं उत्तर ऐकायला थांबल्यासारखे ते नुसते बघत होते.

"बंबाजवळ असतील," मी म्हणाले. "बघून येते."

घर सायकलवर दहा मिनिटांचं. आई परसात भांडी घासत होती. उद्याच्या पूजेसाठी समई, ताम्हण, सगळं बाहेर काढलेलं. बंबाशेजारी जळणाच्या ढिगात लाल-काळे तीन तुकडे होते. त्यातला सगळ्यात लांब तुकडा मी उचलला. एका टोकाला तो जळला होता, पण पेन्सिलीच्या दोन्ही खुणा शाबूत होत्या. दोन खुणांच्या मध्ये अण्णांच्या अक्षरात लिहिलं होतं: २६०.

"तो कशाला?" आईनं विचारलं.

"शेडवर मागितलाय."

"कुणी? त्यांनी?"

मी तुकड्यावरची राख झटकली. आईनं हात धुतले, पदराला पुसले. "परवा रात्री जेवले नाहीत. दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून बसले होते. पहाटे उठून स्वतः कुऱ्हाड घेतली. म्हटलं, चांगला सागवान आहे, ठेवा. तर म्हणाले, ह्याचं पाणी तापव." तिनं ताम्हण पालथं घातलं. "एकतीस वर्षांत त्यांचा एक नमुना परत आला नव्हता, सुजे."

"बाबालालचाचांचं काम जातंय, आई."

"मग ने." जरा वेळानं ती म्हणाली, "नाही सापडला म्हणालीस तरी चालेल."

मी तुकडा कॅरियरला लावला. वाटेत तो दोनदा सैल झाला आणि दोन्ही वेळा मी उतरून तो घट्ट केला.

शेडमध्ये तिघं जण जिथं होते तिथंच होते. मी तुकडा बाकावर ठेवला. चाचांनी सवयीनं टेपचं शून्य हातात घेतलं आणि पहिल्या खुणेवर धरलं.

"दोनशे पासष्ट," मी वाचलं.

चौगुले वाकले. त्यांनी पेन्सिलीचा आकडा पाहिला, मग टेप पाहिली. कुणी काही विचारायच्या आत अण्णा बाकाच्या टोकाला गेले. पेटी उघडली. काळी पट्टी काढून आणली आणि स्वतःच्या हातानं त्या लाकडावर, टेपच्या शेजारी ठेवली. शून्य पहिल्या खुणेला लावलं. चष्मा वर केला.

"दोनशे साठ," त्यांनी वाचलं.

शेजारच्या कारखान्यातली लेथ चालू होती. तिचा आवाज थांबला, अण्णांनी चष्मा परत खाली घेतला.

"हात सवयीनं तिच्यावरच गेला," अण्णा म्हणाले. "केला तेव्हा कळलं न्हाई. गुरुवारी गाडी वळली तेव्हा कळलं."

"गुरुवारी," चौगुले म्हणाले. "आणि काल सकाळी मी विचारलं तेव्हा?"

अण्णांनी पट्टी उचलली आणि धोतराच्या सोग्यानं पुसली, जशी ते काम झाल्यावर पुसायचे.

बाबालालचाचांनी टेपचं शून्य सोडून दिलं. टेप सर्रकन माझ्या हातात परत आली.

"रंगराव, मला नुसतं सांगायचं होतं," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मीच म्हणालो असतो, ओढ बसली म्हणून. तुमच्यासाठी म्हणालो असतो. पण मला रात्रभर माझाच हात खोटा वाटत होता. मी काल घरी जाऊन, शेजाऱ्याचा होल्डर मागून, दोन लोखंडी पट्ट्या जोडून बघितल्या. सरळ येतंय का, बघितलं."

अण्णांनी मान हलवली. नुसती हलवली, हो म्हणायला की नाही म्हणायला, ते कळलं नाही. माझी नजर खाली गेली. पोत्यावर बावीस बोल्ट आणि बावीस नट होते. मी ते पुन्हा मोजले.

चौगुले खाकरले. "बाबालाल, काल बोललो ते विसरा. फ्रेम तुम्हीच करायच्या. पुढच्या खुंट्यांचे आधार कापून आज परत लावता येतील?"

"लावले असते," चाचा म्हणाले. "पण काल दिलेली सुट्टी एक दिवस तरी घेतो." आणि ते चप्पल घालून गेले. होल्डर तिथंच खिळ्याला होता.

घरी जाताना अण्णा माझ्या पुढं चालत होते. मी सायकल हातात धरून मागं. कोपऱ्यावर त्यांनी झेंडूची फुलं घेतली, दर वर्षीएवढीच. फुलवाल्यानं विचारलं, "मेस्त्री, लेकीची नोकरी लागली म्हणं?" "व्हय," अण्णा म्हणाले. "मापं घेते." त्यांच्या आवाजात टोमणा शोधायचा मी खूप प्रयत्न केला. तो असता तर बरं झालं असतं.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. आज मी एका प्रयोगशाळेत कारखान्यांच्या पट्ट्या आणि गेज तपासते. एखादी पट्टी चुकीची निघाली की तिच्यावर लाल चिठ्ठी लावायची असते. ती मी मालकासमोर लावत नाही. तो गेल्यावर लावते.

रविवारी सकाळी शेड झाडून घेतली. हत्यारं पाटावर मांडली: पाने, हातोड्या, रंधे, ड्रिल, चौगुल्यांचे ब्रश, माझी टेप. होल्डर खिळ्यावरून काढून अण्णांनी मध्यभागी ठेवला. चाचा येतील असं मला वाटत नव्हतं. ते आले, हातात पेढ्यांचा पुडा, डोक्यावर धुतलेली टोपी. आल्या आल्या पाटाकडं बघितलं आणि कडेला उभे राहिले.

अण्णांनी आरती केली. मग झेंडूचा हार घेऊन होल्डरला घातला. हार एकदा घसरला. दुसऱ्यांदा नीट बसला.

आता पाळी चाचांची होती. ते पुढं आले. हातात हार घेऊन पाटावरून नजर फिरवली, एकदा, दोनदा.

"पट्टी कुठाय?"

"यंदा ठेवली न्हाई," अण्णा म्हणाले.

"का?"

अण्णांनी निरांजन पाटाजवळ सरकवलं.

"आणा," चाचा म्हणाले. "पट्टीनं काय केलंय?"

अण्णा पेटीपर्यंत गेले. पाच पावलांची वाट, पण ते परत यायला पुष्कळ वेळ लागला. पेटीवर वाकलेली त्यांची पाठ मला दिसत होती. चौगुले बाहेर रस्त्याकडं बघायला लागले, मी पुड्याची सुतळी सोडत बसले. पट्टी आली. पाटावर ठेवली गेली. चाचांनी तिला हार घातला, तो दोन्ही टोकांना सारखा आहे ना ते पाहिलं, आणि हात जोडले. मग पेढे वाटले. अण्णांच्या हातावर ठेवताना ते त्यांच्याशी बोलले नाहीत. माझ्याशी बोलले.

"सुजाता, तुझ्या वडलांना सांग. दहा फ्रेमचा जिग त्यांनीच करायचा. दुसऱ्याच्या जिगमध्ये मी वेल्डिंग करणार न्हाई."

अण्णा दोन हातांच्या अंतरावर उभे होते.

"आणि खुणा तुझ्या टेपनं. खुणा केल्या की मला बोलवायचं. मी बघणार, मग लाकूड कापायचं."

"सांगते," मी म्हणाले.

"ऐकू आलंय," अण्णा म्हणाले.

दसऱ्याच्या सकाळी चाचांनी पुढचे आधार कापले. अण्णांनी दोन जाड फळ्यांचा तात्पुरता जिग केला. खुणा मी केल्या, चाचांनी पाहिल्या. एक बाजू वेल्डिंगच्या ठिपक्यांनी टाचली, मग दुसरी. मध्ये लोखंड गार व्हायला वेळ दिला. दोघं एकमेकांच्या हाताखाली काम करत होते. नळी, पक्कड, ओला फडका मागायच्या आत मिळत होता. एकोणीस वर्षांची सवय होती ती. बोलणं मात्र माझ्यामार्फत. "त्यांना सांग, डावीकडं जरा दाबा." "त्यांना विचार, टाचू का?" चौगुल्यांनी दहा जणांना फोन करून संध्याकाळी चारची वेळ दिली होती.

आर्म चढले, नकल चढले. टायरॉडचे आटे पुरेपूर बसले. स्टिअरिंगची दांडी रॅकवर खटकन बसली, तेव्हा चौगुल्यांनी पहिल्यांदा हुश्श केलं. स्प्रिंगा काढून ठेवल्या होत्या, म्हणजे चाक हातानं वरखाली करता येईल. चाकाच्या जागी मी सरळ कडेची फळी बांधली. तिच्यापासून बाजूला एक ताणलेली दोरी. चाक वर जाताना फळीचं पुढचं टोक दोरीपासून किती सरकतं आणि मागचं किती, एवढंच बघायचं होतं. दुरुस्तीआधी, शुक्रवारी सामान सुटं करताना, हाच फरक पाच मिलीमीटर आला होता.

चाचा जॅकच्या दांडीशी बसले. मी टेप काढली आणि शून्य धरायला कोण, म्हणून वर पाहिलं. अण्णा बाकापासून आले, गुडघे टेकून फळीशी बसले आणि टेपचं टोक माझ्या हातातून घेतलं.

"उचल, बाबालाल," ते म्हणाले.

चाचांनी दांडी दाबली. दहा मिलीमीटर, वीस, तीस. प्रत्येक टप्प्याला मी वाचत होते. अण्णांच्या अंगठ्याचं नख शून्यावर पांढरं पडलं होतं. साठला चाचा थांबले. मग दुसरी बाजू, पुन्हा शून्यापासून.

"किती?" चाचांनी विचारलं.

साठ मिलीमीटर उचलीला, पाचाच्या जागी, उजवं चाक अर्धा मिलीमीटर वळलं, डावं शून्य पूर्णांक चार.